इंजिनाच्या बोल्टातून ऑइल का गळते?

यवतमाळ जिल्ह्यात खेड्यापाड्यांतील शाळांवर शिकवणारे कितीतरी शिक्षक रोज मोटरसायकलने ये-जा करतात. शाळेच्या आवारात गाड्या उभ्या राहतात ती जागा एकदा नीट पाहावी. मुरमावर रुपयाएवढे, वाटीएवढे काळपट डाग दिसतील. शेतात ट्रॅक्टर उभा राहतो तिथेही असेच डाग असतात. आता विजेचे आणि सौर पंप पुष्कळ आले आहेत. तरीही विहिरीच्या काठावर जिथे डिझेल इंजिन टिकून आहे, तिथे त्याच्या पायथ्याची माती बहुधा तेलकटच असते.

हे ऑइल अनेक ठिकाणांहून गळू शकते. त्यांतील एका साध्या ठिकाणाचा विचार आपण या लेखात करू. इंजिनाच्या तळाशी ऑइलचा चेंबर असतो. त्याच्या सर्वांत खालच्या जागी जुने ऑइल काढून टाकण्यासाठी एक बोल्ट बसवलेला असतो. त्याला ड्रेन बोल्ट म्हणतात. हा बोल्ट गळू लागला की पहिला उपाय ठरलेला असतो, तो म्हणजे आणखी आवळा! तेवढ्याने गळती थांबली नाही, तर पान्यात पाइप घालून आवळतात. पुष्कळदा नेमके याच वेळी बोल्टाचे आटे जातात आणि किरकोळ दुरुस्तीचे मोठे काम होऊन बसते.

असे का होते, हे समजून घ्यायला वेगळे शास्त्र लागत नाही. बल, घर्षण, दाब, तरफ हे आपण माध्यमिक वर्गांत शिकवतोच. तेवढे पुरेसे आहे.

थेंबाचा हिशोब

एक थेंब गळला तर काय बिघडते, असे वाटणे साहजिक आहे. म्हणून आधी हिशोब करू. पाण्याचे साधारण 20 थेंब म्हणजे 1 मिलिलिटर. ऑइलचा पृष्ठताण पाण्याच्या निम्म्याहून कमी असल्याने त्याचा थेंब लहान असतो. 1 मिलिलिटरमध्ये 40 ते 50 थेंब मावतात. मिनिटाला एक थेंब गळत असेल, तर दिवसाला 1440 थेंब, म्हणजे सुमारे 30 मिलिलिटर ऑइल जाते. महिनाभरात ते जवळजवळ 1 लिटर होते. नेहमीच्या 100 ते 125 सीसीच्या मोटरसायकलीत एकूण ऑइलच 1 लिटरच्या आसपास असते!

ऑइल कमी झाले की पिस्टन आणि सिलिंडर, क्रँक आणि बेअरिंग यांच्यामधला वंगणाचा पातळ थर तुटतो. धातू धातूवर घासतो, तापतो, आणि शेवटी इंजिन जाम होते. हरभऱ्याला किंवा गव्हाला पाणी द्यायच्या ऐन दिवसांत इंजिन जाम होणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

दुसरा हिशोब विहिरीचा. पाण्यावर तेलाचा इंद्रधनुषी तवंग दिसायला अर्धा मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढी जाडी पुरते. 5 मीटर व्यासाच्या विहिरीच्या पाण्याचा पृष्ठभाग सुमारे 20 चौरस मीटर भरतो. त्यावर एवढ्या जाडीचा थर पसरायला फक्त 10 मिलिलिटर ऑइल लागते. वरच्या गळतीच्या हिशोबाने हे आठ तासांचे काम आहे. म्हणून विहिरीच्या काठावरच्या इंजिनाची गळती ही केवळ पैशांची बाब राहत नाही.

आटे ऑइल अडवत नाहीत

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. बोल्ट भोकात घट्ट बसला आहे, मग ऑइल बाहेर येते कुठून?

बोल्टाचे आटे आणि भोकातले आटे एकमेकांत बसतात, पण पूर्णपणे चिकटून बसत नाहीत. तसे बसले असते तर बोल्ट फिरवताच आला नसता. दोहोंमध्ये थोडी मोकळीक ठेवावीच लागते. ही मोकळीक आट्यांबरोबर गोल गोल फिरत वरपासून खालपर्यंत जाते. बोल्टाचा व्यास 12 मिलिमीटर, दोन आट्यांमधले अंतर 1.5 मिलिमीटर आणि आत गेलेला भाग 10 मिलिमीटर धरा. एवढ्या लांबीत जवळजवळ सात फेरे होतात. ती वाट उलगडून सरळ केली तर सुमारे 23 सेंटिमीटर लांबीची बारीक नळीच होईल. ऑइलला उतरायला एवढी वाट पुष्कळ झाली.

मग ऑइल अडते कुठे? बोल्टाचे डोके आणि चेंबर यांच्यामध्ये तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची एक चपटी कडी असते, ती म्हणजे वायसर. खरे काम हा वायसर करतो. आट्यांचे काम एवढेच, की डोके ओढून धरायचे आणि वायसरवर दाब कायम ठेवायचा.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. औषधाची एखादी रिकामी बाटली घ्या, जिच्या झाकणात कागदाची किंवा फोमची चकती असते. बाटलीत रंगीत पाणी भरून झाकण लावा आणि बाटली उलटी धरा. पाणी गळणार नाही. आता चकती काढून टाका, झाकण शक्य तितके घट्ट लावा आणि पुन्हा उलटी धरा. बहुतेक बाटल्यांच्या आट्यांमधून पाणी झिरपू लागेल. आटे तेच आहेत, जोरही तेवढाच आहे, फक्त चकती नाही. कुकरची रिंग आणि नळातला वायसर यांचीही उदाहरणे मुलांना घालता येतील.

बादलीभर पाण्याचा जोर

वायसरवर दाब किती पडतो, हे आता पाहू. लहान मोटरसायकलींचा 12 मिलिमीटरचा ड्रेन बोल्ट साधारण 25 न्यूटन-मीटर आघूर्णाने आवळावा अशी शिफारस असते. प्रत्येक गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेत दिलेला असतो. 25 न्यूटन-मीटर म्हणजे किती? 25 सेंटिमीटर लांबीचा पाना आडवा धरून त्याच्या टोकाला 10 लिटर पाण्याची बादली लटकवली, तर जेवढा पीळ बसतो तेवढा.

पान्याचे टोक एका पूर्ण फेऱ्यात सुमारे 1570 मिलिमीटर फिरते, तेव्हा बोल्ट फक्त 1.5 मिलिमीटर पुढे सरकतो. म्हणजे घर्षण मुळीच नसते, तर 10 किलोच्या जोराचे हजार पटीहून अधिक झाले असते. 10,000 किलो, म्हणजे 100 क्विंटल! प्रत्यक्षात यातला सुमारे 90 टक्के भाग घर्षणात जातो. निम्मा बोल्टाच्या डोक्याखाली आणि उरलेला बराचसा आट्यांमध्ये. बोल्ट ओढला जातो तो उरलेल्या 10 टक्क्यांनी. म्हणजे तरीही सुमारे 10 क्विंटल. बादलीभर पाण्याने 10 क्विंटल कापसाच्या वजनाएवढी पकड मिळते. मुलांना हे गणित फळ्यावर करू द्यावे. आपल्याकडे क्विंटल काय असतो, हे त्यांना चांगले ठाऊक असते.

घर्षणाने 90 टक्के खाल्ले म्हणून हळहळण्याचे कारण नाही. इंजिनाची थरथर होत असतानाही बोल्ट आपोआप सुटत नाही, तो याच घर्षणामुळे.

वायसरच्या कडीचे क्षेत्रफळ सुमारे 130 चौरस मिलिमीटर असते. त्यावर 1000 किलोचा भार वाटला, तर दर चौरस मिलिमीटरवर साधारण 8 किलो येतात. मऊ केलेले तांबे एवढ्या दाबाखाली कायमचे दबते. ते चेंबरच्या पृष्ठभागावरच्या आणि बोल्टाच्या डोक्यावरच्या बारीक ओरखड्यांत शिरून बसते. ऑइलची वाट बंद होते ती अशी.

अशी फट अर्धी झाली तर तिच्यातून वाहणारे ऑइल निम्मे होत नाही, ते सुमारे आठव्या हिश्शावर येते. कारण अरुंद फटीतला प्रवाह फटीच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. म्हणूनच मऊ वायसर ओरखडा थोडाफार भरून काढतो तेव्हाही गळतीत मोठा फरक पडतो. याउलट, इंजिन तापले की गळती वाढते. नेहमीचे 20W-40 ऑइल 40 अंशांच्या मानाने 100 अंशांना सात-आठ पट पातळ झालेले असते. सकाळी कोरडा दिसणारा बोल्ट दुपारी, गाडी 40 किलोमीटर चालून आल्यावर, ओला दिसतो तो यामुळे.

जुना वायसर का चालत नाही?

तांबे एकदा दाबले गेले की कठीण होते. तांब्याच्या स्फटिकांत अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात म्हणून ते मऊ वाटते. पण सरकता सरकता त्यांतील दोष एकमेकांत अडकतात आणि पुढचे सरकणे अवघड होते. असा कठीण झालेला वायसर त्याच 10 क्विंटलच्या भाराखाली पुन्हा दबत नाही. त्याचे जुने खळगे आता नव्या ओरखड्यांशी जुळत नाहीत. मग ऑइल झिरपते, आपण आणखी आवळतो, आणि भार आट्यांवर जातो.

पान्यात पाइप घालून 1 मीटर लांबीवर तेवढ्याच जोराने ओढले, तर पीळ चौपट होतो. 10 क्विंटलचे 40 क्विंटल होतात. पुन्हा आट्यांना ऑइल लागलेले असेल तर घर्षण कमी होऊन भार आणखी वाढतो. हा भार सगळ्या आट्यांत सारखा वाटला जात नाही. पहिल्या दोन-तीन आट्यांवरच निम्म्याहून अधिक येतो. बोल्ट पोलादी आणि चेंबर ॲल्युमिनियमचा असल्याने कापले जातात ते चेंबरचे आटे. बोल्ट काही रुपयांचा, पण चेंबर महागाचा. नेमके महागाचेच आधी जाते.

तांब्याचा वायसर पुन्हा मऊ करता येतो. तो चिमट्यात धरून मंद लाल होईपर्यंत तापवावा आणि निवू द्यावा. उष्णतेने स्फटिक नव्याने तयार होतात आणि अडकलेले दोष नाहीसे होतात. लोहार कोयता तापवून पाण्यात बुडवतो तेव्हा पोलाद कडक होते. तांब्याचे तसे नाही. ते पाण्यात बुडवले काय किंवा हवेत निवू दिले काय, मऊच राहते. ॲल्युमिनियमच्या वायसरवर मात्र हा उपाय करू नये. ॲल्युमिनियम 660 अंशांनाच वितळते आणि वितळेपर्यंत उजेडात लाल दिसतही नाही. तो वायसर नवाच घालावा.

हाही प्रयोग वर्गात करता येतो. प्लास्टिकचे आवरण सोलून काढलेली तांब्याची जाड तार घ्या. मुलांना ती एकाच जागी दहा-बारा वेळा वाकवू द्या. वाकवणे अवघड होत जाते, हे बोटांनाच कळते. मग तोच भाग शिक्षकांनी स्वतः ज्योतीवर लाल करावा, पूर्ण निवू द्यावा आणि पुन्हा मुलांच्या हातात द्यावा. फरक सांगावा लागत नाही.

थेंब लोंबतो तिथेच गळती असते का?

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी खात्री करून घ्यावी. ड्रेन बोल्ट सर्वांत खाली असतो. वरच्या पॅकिंगमधून किंवा ऑइल सीलमधून झिरपलेले ऑइलही इंजिनाच्या अंगावरून ओघळत येऊन शेवटी याच बोल्टाला लोंबते. तेव्हा इंजिन थंड असताना बोल्ट आणि त्याच्या आसपासचा भाग फडक्याने स्वच्छ पुसून कोरडा करावा. मग त्यावर खडूची पूड भुरभुरावी. शाळेत ती हवी तेवढी मिळते. दहा-पंधरा मिनिटे इंजिन चालवावे, बंद करावे आणि पाहावे. खडू ऑइल शोषून काळपट होतो, त्यामुळे ओली रेघ कुठून सुरू होते ते स्पष्ट दिसते. रेघ वरून येत असेल तर बोल्ट निर्दोष आहे. इंजिन एकाच वेळी अनेक ठिकाणांहून गळत असेल, तर ब्रीदरची नळी चोंदली आहे का तेही पाहावे. ती चोंदली की आत दाब साठतो आणि ऑइल मिळेल त्या फटीतून बाहेर पडते.

दुरुस्तीचा क्रम

बोल्टच गळतो आहे अशी खात्री झाली, की ठरलेल्या आघूर्णाने तो एकदा तपासावा. केवळ सैल झाला असेल तर एवढ्यानेच काम होते. तरीही गळत असेल तर ऑइल काढावे लागेल.

गाडी सपाट जागेवर उभी करावी. इंजिन कोमट असावे, म्हणजे ऑइल नीट वाहते आणि हातही भाजत नाही. खाली घमेले ठेवून बोल्ट काढावा. जुना वायसर कधी कधी चेंबरलाच चिकटून राहतो. त्यावर नवा वायसर चढवला तर हमखास गळते, म्हणून तो काढला गेला आहे ना, हे बोट फिरवून पाहावे. बसण्याची जागा फडक्याने स्वच्छ करावी. बोल्ट ताणला जातो तो केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाएवढादेखील नाही. वायसरखाली वाळूचा कण किंवा रंगाचा थर राहिला आणि नंतर तो चुरडला गेला, तर तेवढ्यानेच पकड ढिली पडते.

बोल्ट बदलायचा असेल तर त्याच गाडीचा घ्यावा. हार्डवेअरच्या दुकानात 12 मिलिमीटरचा साधा बोल्ट मागितला, तर त्याच्या आट्यांमधले अंतर बहुधा 1.75 मिलिमीटर असते. ड्रेन बोल्टाचे आटे पुष्कळदा 1.5 किंवा 1.25 मिलिमीटरचे असतात. दोन फेरे बोल्ट आत जातो, मग अडतो, आणि जोर लावला की आटे कापतो. जुन्या पंप-इंजिनांवर इंची मापाचे आटेही सापडतात. 1841 मध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी इंग्लंडमध्ये सुचवलेल्या मापात आट्याचा कोन 55 अंशांचा असतो, तर मेट्रिक आट्याचा 60 अंशांचा. एकाचा बोल्ट दुसऱ्यात बसत नाही.

नवा वायसर घालून बोल्ट आधी बोटांनीच फिरवावा. सुरुवातीचे तीन-चार फेरे पाना लावू नये. तिरपा लागला असेल तर बोटांना लगेच कळते. शेवटी आवळताना टॉर्क पाना असेल तर उत्तमच. नसेल तर शाळेतला किंवा दुकानातला स्प्रिंगचा काटा वापरावा. पान्याच्या टोकाला, बोल्टापासून 25 सेंटिमीटरवर, काटा अडकवून तो पान्याशी काटकोनात ओढावा. काट्यावर 10 किलो दिसले की थांबावे. पुस्तिकेतला आकडा वेगळा असेल, तर त्या प्रमाणात किलो बदलावेत. नवे ऑइल भरून इंजिन चालवावे आणि पुन्हा खडूची पूड टाकून पाहावे.

आटे आधीच गेले असतील, तर सुतळी गुंडाळणे, टेफ्लॉन टेप लावणे किंवा बाहेरून एमसील थापणे हे उपाय घर गाठण्यापुरतेच. तापलेल्या, थरथरणाऱ्या चेंबरवर ते टिकत नाहीत, आणि टेपचे तुकडे आत गेले तर ऑइलच्या वाटा बुजू शकतात. गॅरेजमध्ये भोकात नवे आटे पाडून थोडा जाड बोल्ट बसवतात, किंवा स्प्रिंगसारखी पोलादी गुंडाळी बसवून मूळ मापाचे आटे परत मिळवतात. दुसरा उपाय अधिक टिकाऊ असतो. वणीच्या कोळसा खाणींतला डंपर असो, पांढरकवड्यावरून जाणारा ट्रक असो की आपली मोटरसायकल, आकडे बदलतात पण तत्त्व हेच राहते.

घमेल्यातल्या ऑइलचे काय?

काढलेले जळके ऑइल बांधावर किंवा नाल्यात ओतू नये. त्यात काजळी, धातूचे सूक्ष्म कण आणि कर्करोगाशी संबंध असलेली काही संयुगे असतात. गोचीड किंवा खरूज जावी म्हणून ते जनावरांच्या अंगाला लावण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. तीही घातक आहे, कारण ते कातडीतून शरीरात जाते आणि जनावर अंग चाटते तेव्हा पोटातही जाते. 2016 च्या घातक कचराविषयक केंद्रीय नियमांनुसार वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात मोडते आणि ते मान्यताप्राप्त पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे जायला हवे. आपण ते झाकणाच्या डब्यात साठवून, असे ऑइल गोळा करून पुढे पाठवणाऱ्या गॅरेजात द्यावे. हाताला लागलेले ऑइलही साबणाने लगेच धुवावे.

वर्गासाठी शेवटी एक काम सुचवतो. मुलांना आठवडाभर आपापल्या घरच्या किंवा शेजारच्या वाहनांखालचे, शेतातल्या इंजिनांखालचे डाग पाहायला सांगा. गळत असेल तिथे मिनिटाला किती थेंब पडतात ते मोजावे, महिन्याला किती ऑइल जाते याचा हिशोब करावा आणि सध्याच्या भावाने त्याचे किती पैसे होतात ते काढावे. मग नव्या वायसरची किंमत दुकानात विचारून यावे. दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहून घरी दाखवावेत. त्यानंतर वायसर आणायला कोणी ना कोणी नक्की निघेल.